गर्भपाताचा निर्णय: हलाखा आणि डॉक्टर

मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संहितेचा नियम स्पष्ट आहे: प्रसूती अडून आईच्या जिवावर बेतलं, तर पोटातला गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. मात्र बाळाचं डोकं बाहेर आलं की हात लावायचा नाही. म्हणजे आईच्या जिवापुरतं हलाखा, अर्थात ज्यू धर्मशास्त्र, आणि डॉक्टर एकाच बाजूला उभे असतात.

फाटा फुटतो तो टे-सॅक्ससारख्या आजारात. बाळ जन्मतः निरोगी दिसतं, पण काही महिन्यांत शिकलेलं एकेक विसरत जातं आणि बहुधा पाचेक वर्षांत दगावतं. डॉक्टर गर्भजलाची तपासणी करतो, निदान सांगतो आणि निवड आईबापांवर सोडतो. हलाखा मात्र विचारतं, परवानगीला आधार काय? १९७० च्या दशकात जेरुसलेमच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) वाल्डेनबर्ग यांनी आईची मानसिक यातना ग्राह्य धरून सातव्या महिन्यापर्यंत मुभा दिली; न्यूयॉर्कच्या रब्बी फाइनस्टाइन यांनी ती साफ नाकारली. मला वाल्डेनबर्ग पटतात, त्यांनी त्या बाईचं ऐकलं म्हणून.

इस्रायलच्या १९७७ च्या कायद्याने निर्णय दोन डॉक्टर आणि एक समाजसेवक अशा समितीकडे दिला. रब्बीला त्यात जागा नाही. तरी धार्मिक पक्षांच्या दबावाखाली सामाजिक-आर्थिक अडचणीचं कारण पुढे काही वर्षांतच वगळलं गेलं. गरीब, विवाहित बाईची अडचण मग ना धर्मात बसली, ना तपासणीच्या अहवालात.