रत्नागिरीतली खानावळ, भिंतीवर महायुद्धाची पोस्टरं आणि ताटात बांगडा

जेवणाला चार स्टार, पोस्टरांना साडेचार, दंडाच्या पाटीला शून्य. घाईत असाल तर एवढं पुरे, बाकीच्यांसाठी पुढे लिहितोय.

थिबा पॅलेसच्या बाजूची ही घरगुती खानावळ तशी जुनीच आहे, पण मालकांच्या मुलानं मध्यंतरी आतलं सगळं बदललं आणि गलबत, सूर्यास्त, नारळाची झाडं असल्या नेहमीच्या फ्रेमा काढून तिथं दोन्ही महायुद्धांच्या काळातली सरकारी पोस्टरं लावली, अन्न वाचवा, वाया घालवू नका असं लोकांना सांगणारी, बहुतेक अमेरिकेची आणि काही इंग्लंडची. जुनी सरकारी पोस्टरं नेटवर सापडतात, ती काढून मोठी छापून घेतलीत आणि प्रत्येकाखाली मराठीत दोन-तीन ओळी लिहिल्यात. ताट यायला वेळ लागतो तेवढ्यात लोक मोबाईल ठेवून उठून वाचत फिरतात, हे मी खानावळीत पहिल्यांदाच बघितलं.

हात धुवायच्या बेसिनशेजारचं पोस्टर सगळ्यात भारी. १९१७ चं, अमेरिकेच्या फूड ॲडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे युद्धकाळातल्या अन्नखात्याचं. नुसती मोठी अक्षरं आणि सहा सूचना: विचार करून विकत घ्या, काळजीनं शिजवा, गहू आणि मांस कमी वापरा, आपल्या भागात पिकतं ते घ्या, लागेल तेवढंच वाढा, उरलेलं वापरा. आमची आत्या चष्मा वर करून सगळं वाचून म्हणाली, हे सांगायला अमेरिका कशाला हवी रे, माझी सासू रोज सांगायची, फक्त इतक्या गोड शब्दांत नाही. पण खालच्या ओळी वाचल्या की कळतं ही नुसती सासूबाईंची शिकवण नाहीये, अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा इंग्लंड-फ्रान्सकडे गव्हाची मारामार होती, तिकडे धान्य पाठवायचं तर घरच्या लोकांनी कमी खाल्लं पाहिजे, आणि या खात्याचा प्रमुख हर्बर्ट हूवर (हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) घरोघरी रेशनकार्ड लावायला तयार नव्हता, त्याला लोकांनी आपणहून करायला हवं होतं. म्हणून पोस्टरं. मंगळवारी मांस नाही, बुधवारी गहू नाही. आपल्याकडे संकष्ट्या, एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार आणि अख्खा श्रावण धरला तर हूवरसाहेबांना कागद छापायचा खर्चच आला नसता.

त्याच्या शेजारी बोटीतून न्यूयॉर्कला येणारी माणसं आणि समोर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असं रंगीत चित्र आहे, अन्नानं युद्ध जिंकता येईल असं वर लिहिलेलं. हे नव्यानं आलेल्या लोकांसाठी होतं, त्यांच्या त्यांच्या भाषेत छापलेलं, इटालियनमध्ये, यिडिशमध्ये. ज्याला सांगायचंय त्याच्या भाषेत सांगावं एवढी अक्कल शंभर वर्षांपूर्वी होती, आणि आपल्याकडे अजून बँकेतले फॉर्म बघा, असो.

इंग्लंडची भिंत, ही दुसऱ्या महायुद्धातली, पोरांना आवडते. फावड्यावर दाबलेला बूट, खाली 'विजयासाठी खणा', म्हणजे परसात, बागेत, मिळेल त्या जागेत भाजी लावा. मग डॉक्टर गाजर आणि पोटॅटो पीट, हात-पाय-टोपीवाले बटाटा आणि गाजर. कारण साधं होतं, बेटावरचा देश, निम्म्याहून जास्त अन्न जहाजानं बाहेरून यायचं आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन रेशनवर गेलं आणि रेशन पूर्ण संपायला जुलै १९५४ उजाडला. घरी पिकणारं गाजर-बटाटा मात्र खा हवं तेवढं! गाजरानं ब्लॅकआऊटच्या अंधारात दिसतं असंही सरकार छापत होतं, रात्री विमानं पाडणाऱ्या वैमानिकाच्या नजरेचं श्रेयसुद्धा पेपरवाल्यांनी गाजराला दिलं, खरं काम विमानातल्या रडारचं. म्हणजे पोस्टर चांगलं आहे म्हणून त्यातलं सगळं खरं असतं असं नाही, हे पण पोरांना तिथल्या तिथे सांगता येतं.

स्वयंपाकघराच्या दाराजवळ १९४३ चं अमेरिकन पोस्टर आहे, एक हात तव्यातलं उरलेलं तेल-चरबी ओततोय आणि खाली त्याचे स्फोट होतायत. तळणीतली चरबी साठवून खाटकाकडे नेऊन द्या, तिच्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं बनतात, असं ते सांगतंय. चित्र जबरदस्त, जागा पण बरोब्बर. फक्त मालकांना नम्र विनंती, तेल बॉम्बला द्या नाहीतर साबणाला द्या, पण दुसऱ्या दिवशी त्यात सुरमई तळू नका. आमच्या सुरमईला आदल्या दिवशीच्या तळणीचा वास होता, चांगल्या ताज्या तुकडीची माती झाली.

बाकी जेवणाला नावं ठेवायला जागा नाही. बांगड्याचं तिखलं तिरफळ घालून, रस्सा दाट, खोबरं पाट्यावर वाटल्यासारखं. उकडा भात, तांदळाची भाकरी, सोलकढी पिठाळ नाही आणि गुलाबी रंगाची पावडर घातलेली तर नाहीच. शाकाहारी ताटात फणसाच्या आठळ्यांची भाजी होती, कुळथाची पिठी होती. चारच्या सुमाराला गेलात तर सकाळच्या भाताचे वडे मिळतात, ते सहाव्या सूचनेत बसतात, सोबत सुक्या बोंबलाची चटणी मागून घ्या. मे महिन्यात मागच्या पडवीत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी चाललेली दिसते, सुकी मासळी, आमसुलं, पोह्याचे पापड, मिठातल्या फणसाची बरणी, आणि बरोब्बर तिथंच बरण्या भरणाऱ्या आई आणि मुलीचं अमेरिकन पोस्टर आहे, हिवाळ्यात आपल्याला भरपूर खायला असेल ना गं आई, असं ती मुलगी विचारतेय. ते कोणी लावलं त्याला माझ्याकडून एक सोलकढी.

आता पाटी. एवढी सुंदर पोस्टरं लावून गल्ल्याच्या वर लाल अक्षरात 'ताटात अन्न टाकल्यास ५० रु. दंड'. अहो, इंग्लंडातही अन्न नासवणं १९४० पासून कायद्यानं गुन्हा होता, पण तुमच्या भिंतीवरच्या एकाही पोस्टरवर दंडाचं नाव नाही, सगळी सांगतायत की का वाचवायचं आणि कसं. बाजूच्या टेबलावर एका लहान पोरानं भात टाकला तर आई बिचारी घाबरून तोच भात स्वतः कोंबून खात होती, पोट भरलेलं असताना. हे वाचवणं झालं का? आणि गंमत म्हणजे दंडाची गरजच पडत नाही, कारण वाढणाऱ्या मावशी मुळात मूठभरच भात वाढतात आणि म्हणतात, "येवढाच घेवा आधी, लागला तं हाक मारा, पुना वाढते." आणि खरंच वाढतात, तोंड वाकडं न करता. ही पाचवी सूचना, कुठलंही पोस्टर न वाचता पाळलेली. पाटी काढा आणि मावशींचा पगार वाढवा.

दुसरी तक्रार भिंतीबद्दल. गल्ल्यामागे थिबा राजाचा फोटो आहे आणि त्याचा या सगळ्याशी काही संबंध नसल्यासारखा तो नुसता लटकतोय. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढे इथं आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच गेला. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांनी घेतलं आणि त्याच ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाख्यात तो तांदूळ यायचा, आणि कोकणातलं भात कोकणाला वर्षभर कधी पुरत होतं? १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. बंगालमध्ये त्याच साली दुष्काळ, लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि तिकडे विलायतेत याच इंग्रज सरकारचं गाजर टोपी घालून हसत होतं. मुलाला म्हटलं, एक फ्रेम याची पण लाव, तर म्हणाला, काका, जेवताना लोकांना ते कशाला. मला नाही पटलं. बंगालचे फोटो लावू नको, पण राजाच्या फोटोखाली तांदळाच्या चार ओळी लिहायला काय हरकत आहे, गाव तुझं, राजा तुझ्या शेजारचा.

किरकोळ गोष्टी: काचेच्या फ्रेमांत आतून ओल धरलीय, एकदोन पोस्टरांना कडेनं बुरशी आलीय, पावसाळ्याआधी काहीतरी करा. १९१७ च्या एका पोस्टरखाली दुसरं महायुद्ध लिहिलंय ते बदला. ट्यूबलाईटची चमक नेमकी डॉक्टर गाजरावर पडते.

बांगडा थाळी २२०, सुरमई ३५०, शाकाहारी १६०, भात-सोलकढी लागेल तेवढी. सोमवारी रात्री बंद. मी विचारलं, १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं त्याचं आहे का, तर मालक म्हणाले छे हो, मावशींची सुट्टी असते. रविवारी दुपारी एकच्या आत पोचा, नंतर बांगडा संपतो. गाडी वरच्या बाजूला लावा आणि रोख पैसे जवळ ठेवा, आत रेंज नसते.