बोर्ड उडालंय म्हणाला आणि ६,०४९ रुपये घेऊन गेला

कॉफी मशीन दुरुस्त करायला आलेल्याने घेतले: भेटीचे ४९९, आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे ५,२००, नेण्या-आणण्याचे ३५०. एकूण ६,०४९. लिहिताना लाज वाटते, पण बडोद्यात आणखी कोणाचे जाऊ नयेत.

आमचं एस्प्रेसो मशीन तापेना. दिवा लागायचा, पंप घुरघुरायचा, कपात मात्र गार पाणी. नेटवर कंपनीच्या नावाने शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. नंबर वॉरंटी कार्डावरचाच लावा. माझं कार्ड सापडत नव्हतं आणि पाहुणे यायचे होते, नाहीतर मी इतका उतावळा नाही.

दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात आमच्या घरी माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अदबीचं. मशीन चालू केलं, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, बोर्ड उडी गयुं छे." एकही स्क्रू काढला नव्हता. पिशवीतून वीज तपासायचा मल्टिमीटर निघाला नव्हता. दिवा लागतोय, बटण दाबलं की पंप चालतोय, मग बोर्ड उडालं कसं? मशीन तापत नसेल तर आधी थर्मल फ्यूज, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळतो तो), एलिमेंट (पाणी तापवते ती कॉइल) बघतात. घरचा गीझर मी स्वतः उघडलाय, मला हे कळत होतं! बायको म्हणालीसुद्धा, "अहो, उघडून तरी बघू द्या त्याला." मी तिलाच गप्प केलं. ते मनातून जात नाही.

तो मशीन घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत आणलं. यूपीआय करताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव. "आमचे अकाउंटंट" म्हणाला. बिल आलंच नाही. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, मी मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी जळका वास. रावपुऱ्यातल्या मिक्सर-गीझरवाल्या काकांनी माझ्यासमोर मशीन उघडलं. बोर्ड तेच, त्यावर कॉफीची जुनी पूड तशीच. थर्मल फ्यूज काढून दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, वर साधी काळी टेप, तीही वितळलेली. मशीन भलतं तापलं तर करंट तोडतो तो हाच फ्यूज. थर्मोस्टॅट चिकटला असता तर घर पेटलं असतं. एलिमेंट मीटरवर ४८ ओम, अकराशे वॅटला अगदी बरोबर. काकांनी त्याच रेटिंगचा फ्यूज घातला, मजुरीसकट १८० रुपये.

त्या माणसाचा नंबर बंद. पोलीस म्हणाले, सायबरला जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हा ग्राहकाचा वाद. (तिथे त्याच दिवशी फोन करा, पैसे वेळेत अडवता येतात, मी आठ दिवसांनी केला.) १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारतात, कंपनी कोणती? कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही, आणि बाहेरच्याने उघडलं म्हणून वॉरंटीही गेली. बँकेला पोलिसांचा कागद हवा, पोलिसांना बँकेचं लेखी. त्याचा यूपीआय आयडी आहे, खालच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात चेहरा आहे, आणखी कोणता पुरावा हवा यांना?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून अर्ज लिहायला घेतलाय. त्यात समोरच्याचा पत्ता मागतात. तो रकाना अजून कोरा आहे. पिळलेल्या वायरी आणि ती टेप पाकिटात घालून ठेवली आहे.