एलएम2596 च्या नावाखाली भलताच माल, सर्किटवाल्यांनो जपून

मी जळगावला ठिबकचे ऑटो कंट्रोलर बनवतो, घराच्या पडवीतच, मी आन एक पोरगा. 24 व्होल्टच्या बॅटरीवरून 5 व्होल्ट करायला एलएम2596 हा व्होल्टेज उतरवणारा आयसी लावतो, सोबत 33 मायक्रोहेन्रीची कॉइल, बरीच वर्षं तेच सर्किट आहे, कधी तक्रार नाही. यंदा मार्चमध्ये नेहमीच्या ठिकाणी माल नव्हता तर व्हॉट्सअपवर ओळख झालेला एक पार्टवाला निम्म्याहून कमी भावात देतो म्हणाला. मी पण एवढा येडा नाही, आधी 5 नग सँपल मागवले, दोन दिवस फुल लोडवर चालवले, एकदम ओके. मग 200 ची ऑर्डर दिली, पैसे आधी, बिल पाठवतो म्हणाला ते आजपर्यंत येतंय.

मे मध्ये पारोळ्याच्या दादांचा फोन. "भाऊ, तुनं मशीन परत बंद पडी गयं, कपाशीले पानी कसं सोडू?" मोडेम मेसेज पाठवायला लागला की 5 व्होल्ट खाली बसायचे आणि बोर्ड रिसेट. दोन दिवसांत तसेच अजून तीन फोन.

आता आपल्याकडे मे म्हणजे काय ते सांगायला नको, 44 डिग्री, वर पत्र्याची पेटी, मी सगळं खापर उन्हावर फोडलं. पेटीला भोकं पाडली, हीटसिंक मोठा केला, 1एन5822 डायोड बदलला, आउटपुटचा कपॅसिटर डबल केला, फीडबॅकची ट्रॅक कॉइलपासून लांब नेली, आठ दिवस नुसतं स्वतःच्याच डिझाइनमधे चुका शोधत बसलो. कॉइलला बोट लावलं तर चटका बसायचा, तिथंच डोक्यात यायला पाहिजे होतं.

शेवटी मित्राचा स्कोप आणला, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवतो तो. स्विचिंगच्या पिनवर प्रोब लावला तर एक सायकल 19 मायक्रोसेकंदाची. मला वाटलं टाइमबेस चुकला, दोनदा तपासला. मग सँपलमधला उरलेला एक नग बसवला, त्याची सायकल पावणेसात मायक्रोसेकंदाच्या आत. म्हणजे 2596 चालतो 150 किलोहर्ट्झवर, सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद, आणि हा लॉटमधला 52 वर, 52 म्हणजे त्याच घराण्यातला जुना 2576, पाय तेच, आकार तोच, म्हणून बोर्डवर बसतोही बिनबोभाट आणि 5 व्होल्ट पण देतो. पण फ्रिक्वेन्सी तिसऱ्या हिश्श्यावर आली की त्याच कॉइलमधला रिपल करंट, म्हणजे करंटचा चढउतार, तिप्पट होतो, माझ्या हिशोबात 0.8 अँपियरचा 2.3 झाला. 2 अँपियरच्या लोडवर पीक 3 च्या वर जातो, आणि माझी कॉइलच 3 ची, ती सॅच्युरेट होणारच, म्हणजे तिचा गाभा भरतो आणि करंट आवरत नाही.

एसीटोनमधे बुडवलेला कापूस पार्टवर घासला तर काळा रंग कापसावर उतरला, सोबत नंबर पण गेला, खाली सँडपेपरच्या बारीक आडव्या रेघा. ओरिजिनलवर कितीही घासा, लेझरचा नंबर हलत नाही. तरी एवढ्यावर जाऊ नका, हल्ली नकलीवर पण लेझर मारतात, फ्रिक्वेन्सी मोजाच. आणि मोजायचं ते सँपलमधलं नाही, आलेल्या लॉटमधलं, वरचा एक, मधला एक, तळाचा एक.

पार्टवाल्याला फोटो पाठवले. आधी "कंपनी तीच आहे भाऊ, लॉट वेगळा", मग "सोल्डर केलेला माल परत होत नाही", मग निळी टिक पण बंद. बिल नाही तर भांडणार कशाच्या जोरावर. 38 बोर्ड शेतात जाऊन बदलले, पेट्रोल माझं, शिव्या पण माझ्याच.

राहिलेले नग श्रीखंडाच्या डब्यात पडलेत. एकावर 100 मायक्रोहेन्रीची कॉइल लावून बघितली, गपगार चालतो, थंड. पोराच्या प्रॅक्टिसला होतील, गिऱ्हाईकाच्या पेटीत नाही लावणार. डब्यावर मार्करनं 2576 लिहून ठेवलंय.