आठ महिने डार्कटेबल, आणि शेकरूचं हिरवं पोट

भीमाशंकरला एसटी थांबते तिथून थोडं आत एका मामांची चहाची टपरी आहे. शेकरूचा माझा पहिला धड फोटो त्यांनी दाखवलेल्या झाडाखालीच मिळाला, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. म्हणून जानेवारीत पहिला मोठा प्रिंट, १२ बाय १८ इंची, त्यांच्यासाठी करून घेतला. मामांनी तो उजेडात नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ताई, झाड आमचंच हाय. पण ह्याच्या पोटाला शेवाळ कुठनं लागलं?"

मी तो प्रिंट परत घेतला. एसटीत मांडीवर ठेवून बघत आले तेव्हा मलाही दिसलं. शेकरूचं पोट सायीच्या रंगाचं असतं, इथे ते ओल्या भिंतीसारखं हिरवट होतं. पाठीचा तांबूस तपकिरी रंग तर जवळजवळ काळा झाला होता. राज्यप्राणी आहे तो आपला, आणि त्याच्याच रानात राहणाऱ्या माणसाला तो ओळखू येईना.

डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मी डिसेंबरात लॅपटॉपवर टाकलं होतं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, एवढ्यावरच निवडलं. दरमहा भाडं भरून वापरायची सॉफ्टवेअर मला पटत नाहीत. पावसाळ्यात माझा कॅमेरा तीन-तीन महिने पिशवीत असतो, त्या महिन्यांचे पैसे मी का भरायचे? शिवाय भाडं थांबलं की आपणच केलेलं काम पुन्हा उघडता येईल की नाही, ही धास्ती वेगळीच. डार्कटेबलमध्ये रॉ फाईलला, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ कच्च्या फोटोला, हात लागत नाही, केलेले सगळे बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये राहतात. आठ महिन्यांनी याची किंमत जास्त कळते. डिसेंबरातली माझी चूक आजही जशीच्या तशी उघडून बघता येते.

प्रिंट बिघडल्यावर पहिला राग लॅबवर काढला. पुण्याच्या एका लॅबमध्ये जाऊन काउंटरवर चांगली वीस मिनिटं भांडले. ते म्हणत होते, "मॅडम, फाईलच तशी आली." मी म्हणत होते, माझ्या स्क्रीनवर पाठ लख्ख दिसते. शेवटी पुन्हा पैसे भरून दुसरा प्रिंट घेतला, तोही तसाच काळपट. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर लॅबला एकही तारा दिला नसता.

आता म्हणेन, पाठीच्या काळेपणात त्यांचा दोष नव्हता. मी रात्री, खोलीत अंधार करून, लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण वर ठेवून काम करत होते. अशा पडद्यावर अंधारा फोटोही उजळ भासतो, म्हणून मी तो पुरेसा उजळलाच नव्हता. आता खिडकीजवळ दिवसा बसते, लॅबचा एक प्रिंट शेजारी उभा करते आणि पडद्याचा पांढरा प्रिंटच्या पांढऱ्यासारखा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवते. फोटो एसआरजीबी या सर्रास चालणाऱ्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करते आणि लॅबला आधीच सांगते, तुमच्या मशीनचं ऑटो करेक्शन बंद ठेवा. या दोन गोष्टींना एक पैसाही लागला नाही.

हिरवं पोट मात्र पूर्णपणे माझं पाप होतं, आणि त्याच्यामागे मी दोन महिने लागले होते. डार्कटेबलमध्ये बाकी शेकडो गोष्टी आहेत. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, घालवायचं मॉड्यूल उत्तम आहे, धार आणायची सोय पुरेशी आहे, माझ्या जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर एखादा बदल दिसायला पाच-सहा सेकंद लागतात, तेही चालतं. मी मोजते ते एकाच गोष्टीवर: पानांतून गाळून आलेला उजेड ते सुधारू शकतं का?

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा बराचसा आरपार सोडतं. दाट झाडोऱ्यात शेकरूच्या अंगावर तोच पडतो. आपले डोळे तिथे पाच मिनिटांत सरावतात, म्हणून मामांना रोज पोट सायीसारखंच दिसतं. कॅमेरा सरावत नाही, आणि त्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवायची सोय, अशा ठिकाणी हमखास चुकतो.

मी काय करत होते, तर सगळे करतात तेच. तापमानाचा स्लायडर धरून फोटो पिवळा करत सुटले. पण तो स्लायडर निळा ते पिवळा एवढ्याच रस्त्यावर चालतो. हिरवा ते मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, हा वेगळाच रस्ता आहे, त्याचा स्लायडर शेजारी टिंट नावाने बसलेला असतो. तोवर मी त्याला कधी हात लावला नव्हता. तापमान वाढवल्याने हिरवा गेला नाहीच, उलट पिवळा आणि हिरवा मिळून ते शेवाळ तयार झालं.

यात डार्कटेबलने माझा गोंधळ वाढवला, हे सांगायलाच हवं. रंग सुधारायला त्यात दोन मॉड्यूल आहेत, जुनं व्हाइट बॅलन्स आणि २०२० च्या शेवटी, ३.४ आवृत्तीत आलेलं कलर कॅलिब्रेशन. नव्या पद्धतीत जुन्याला कॅमेऱ्याच्या ठरावीक आकड्यावर राहू द्यायचं आणि खरं काम नव्यात करायचं. मी जुन्यात टिंट हलवला की नव्यात लाल इशारा यायचा, की व्हाइट बॅलन्स दोनदा लागतोय. मी इशारा दुर्लक्षून पुढे जायचे आणि रंग आणखी वाकडे व्हायचे. नवख्या माणसाला हे पहिल्या दिवशी कुणीतरी ठणकावून सांगायला हवं, म्हणून इथे सांगते: जुन्या मॉड्यूलला हात लावू नका.

मग कलर कॅलिब्रेशनमधल्या पिकरने, म्हणजे फोटोतली बिनरंगी जागा दाखवायच्या साधनाने, मी शेकरूच्या पोटावर चौकोन ओढला. समजूत अशी की हे पांढरं आहे, सॉफ्टवेअरला एवढं कळलं की पुरे. हिरवा एका झटक्यात गेला. आनंदाने उड्या मारल्या. सकाळी बघते तर पोट निळसर आणि पाठ जांभळट. पोट पांढरं नसतंच, त्यात पिवळसर साय असते. मी ती साय पुसून टाकली होती. पिकरला ज्या जागेला रंग नाही अशी जागा लागते, आणि झाडावरच्या प्राण्याच्या फोटोत ती सहसा नसतेच.

फेब्रुवारीत पुन्हा गेले, तेच झाड, सकाळची तीच वेळ. आधी पैसे वाचवायला साधा ए-फोर कागद धरून फोटो काढला. तो बिनरंगी नसतो, पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घातलेली असतात, आणि त्याने रंग पुन्हा सरकला. शेवटी साडेतीनशे रुपयांचं ग्रे कार्ड, म्हणजे खरोखर बिनरंगी करड्या रंगाचं कार्ड, घेतलं. वर्षभरातला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच.

कार्डाच्या फोटोवर पिकर लावला तेव्हा तापमानाच्या आकड्यापाशी इन्व्हॅलिड असा शब्द आला. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. हा उजेड सूर्यप्रकाशाच्या किंवा दिव्याच्या नेहमीच्या रेषेवर बसत नाही, म्हणून त्याला केल्विनमधला, म्हणजे रंगाच्या तापमानाचा, आकडा देण्यात अर्थ नाही, एवढंच ते सांगत होतं. उजेडाचा प्रकार कस्टम ठेवला, तिथले ह्यू (कोणता रंग) आणि क्रोमा (किती गडद) यांचे आकडे कार्डावरून घेतले आणि शेकरूच्या फोटोवर चिकटवले. तीनेक महिन्यांच्या फरकाने उजेड तंतोतंत सारखा असणार नाही, पण पोटाला साय परत आली.

टोनचं, म्हणजे उजेड-सावलीचं, काम त्यामानाने सोपं गेलं. मागे फांद्यांतून आकाशाची भोकं होती, त्यांनी कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवलं होतं. एक्स्पोजर १.३ ईव्हीने वाढवलं (एक ईव्ही म्हणजे उजेड दुप्पट), पाठ अजून दबलेली वाटली म्हणून टोन इक्वलायझरमध्ये फक्त सावल्या अर्ध्या ईव्हीने उचलल्या. आकाशाची भोकं पांढरी फटक झाली, ती होऊ दिली. उजेड-सावली पडद्याला बसवणाऱ्या दोन मॉड्यूलांत फिल्मिकपेक्षा सिग्मॉइड मला केसाळ अंगासाठी बरं वाटतं, पण त्यावर मी वाद घालणार नाही. वाद घालेन तो क्रमावर. उजेड आधी नीट करा, मग रंग. अंधाऱ्या तपकिरीत रंग किती चुकलाय ते डोळ्याला कळतच नाही.

सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, मी वाढवतच नाही, शून्यावरच ठेवते. लाल विटेसारखे चढवलेले शेकरू बघून मला त्रास होतो. पुढे मुलं तोच रंग खरा मानतील आणि खऱ्या शेकरूला फिका म्हणतील.

मे महिन्यात नवा प्रिंट घेऊन मामांकडे गेले. त्यांनी पुन्हा तो उजेडात नेला. पोटावरून बोट फिरवलं, पाठीवरून फिरवलं, मान डोलावली. मग बोट शेपटीपाशी आलं आणि थांबलं. "शेपटीचं टोक गुलाबी नसतं ताई. मळकं पांढरं असतं."

घरी येऊन रॉ उघडली. फांदीवरून लोंबणारी शेपटी पानांच्या बाहेर, सरळ उन्हात होती. पोटासाठी घातलेला मॅजेंटा तिला फुकटचा चढला होता. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनची दुसरी प्रत काढता येते आणि प्रत्येक प्रतीला वेगळा मास्क, म्हणजे ती फोटोच्या कोणत्या भागावर लागावी याची आखणी, देता येतो, हे मला सहा महिने माहीत नव्हतं. पहिल्या प्रतीत शेपटी मास्कने वगळली. दुसरी प्रत फक्त शेपटीवर लावून तिला उन्हाचा आकडा दिला. जोडावर कडा दिसू नये म्हणून मास्क फेदर, म्हणजे त्याची कड मऊ, करत संध्याकाळ गेली.

चौथा प्रिंट गेल्या आठवड्यात लॅबमधून आला. काउंटरवरच्या मुलाने या वेळी स्वतःहून सांगितलं, "करेक्शन बंदच ठेवलंय मॅडम, बघून घ्या." श्रावणी सोमवारांची गर्दी ओसरली की तो मामांकडे नेणार आहे. टपरीत पाऊस आत येतो, म्हणून आधी फ्रेम करून घेते आहे.