होलो कॅथोड लॅम्प का डायोड लेझर? अणू मोजायला काय घ्यायचं

सांगलीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला प्रकाशशोषणानं अणू मोजायचा विषय घेणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, मोजायचंय नक्की काय? तत्त्व दोन्हीकडं सेम आहे, बीअर-लॅम्बर्ट, वाफेतून प्रकाश सोडायचा, किती गिळला गेला त्यावरून अणू किती ते काढायचं. पुढचा रस्ता मात्र पार वेगळा.

तासगावकडच्या द्राक्षबागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून मारून मातीत साठलेलं तांबं मोजायचं असेल तर लेझरचं नावच काढू नका. तांब्याची रेषा, म्हणजे तांबं ज्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतं ती, ३२४.८ नॅनोमीटरला, तिथं परवडणारा डायोड मिळायचा नाही. तांब्याचा होलो कॅथोड लॅम्प (त्याच धातूचा प्रकाश देणारा दिवा) लावा, द्रावण ॲसिटिलीनच्या ज्वाळेत फवारा, झालं काम. ॲलन वॉल्शनं १९५५ मध्ये मांडलेली पद्धत आहे, अजून मस्त चालते. फक्त लॅम्प आपल्या रेषेवर ठाण मांडून बसतो, इकडंतिकडं सरकत नाही, त्यामुळं आकडा स्टँडर्ड सोल्युशनशी (प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाशी) ताडूनच घ्यावा लागतो, आणि मिळतं ते द्रावणातलं प्रमाण, ज्वाळेत अणू किती होते ते नाही.

पण सीलबंद काचेच्या सेलमध्ये रुबिडियमची वाफ आहे आणि दर घनसेंटीमीटरला अणू किती हेच हवंय, तर मग लेझरच. रेषा ७८०.२४ ला, सीडी प्लेअरचा लेझर पण ७८० च्याच आसपास, म्हणून डायोड स्वस्त, खरा खर्च होतो तो त्याची तरंगलांबी नीट ट्यून करणाऱ्या कॅव्हिटीचा (आरसे-ग्रेटिंगच्या जोडणीचा) आणि टेंपरेचर कंट्रोलरचा. करंट त्रिकोणी वेव्हनं हलवला की ऑसिलोस्कोपवर शोषणाचे चार खड्डे दिसतात, बाहेरचे दोन रुबिडियम-८७ या आयसोटोपचे, आतले दोन ८५ चे. बाहेरच्या दोघांत साधारण ६.८ गिगाहर्ट्झ अंतर असतं, म्हणजे फ्रिक्वेन्सीची पट्टी फुकटात मिळाली, खड्ड्याच्या दोन्ही बाजूंची बेसलाइन (शोषण नसतानाची पातळी) पण दिसते, आता शोषणाचा लॉग घेऊन त्याचं क्षेत्रफळ काढा की अणूंचा आकडा थेट हातात, स्टँडर्डची कटकटच नाही. मधेच ट्रेस टुणकन उडी मारतो तो मोड हॉप (लेझरची तरंगलांबी अचानक दुसरीकडं उडणं), करंट-टेंपरेचर जरा बदलून बघा.

दोन गोष्टी सांभाळा. पॉवर मायक्रोवॅटमध्येच ठेवा, जास्त झाली की अणू पंप होऊन (प्रकाश न गिळणाऱ्या अवस्थेत ढकलले जाऊन) शोषण घटतं आणि आकडा कमी येतो. दुसरं आपलं ऊन! २५ अंशाला घनसेंटीमीटरला साधारण १० अब्ज अणू असतात, मे महिन्यात लॅब ४० ला गेली की तेच चौपट-पाचपट, तेव्हा सेलला हीटर आणि थर्मामीटर पाहिजेच, सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळत नाही म्हणून लेझरला शिव्या देऊ नका. सेल फार तापवला की खड्ड्याचा तळ सपाट होतो, सगळा प्रकाशच गिळला जातो, मग लहान सेल घ्या नाहीतर ७९५ ची कमी ताकदीची रेषा वापरून बघा.

आणि हो, गॉगलचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा, ७८० डोळ्याला जेमतेम अंधुक लाल दिसतो म्हणून बीम कमी आहे असं वाटतं, तसं नसतं.