भंगारातून जमवलेला ॲस्ट्रोफोटोचा टेलिस्कोप: गोव्याच्या हवेत कुठला पार्ट चालला, कुठला नाही

सरळ मुद्द्यावर येतो. आरसा ११४ मिमीचा, फोकल लेंथ ९०० मिमी, ट्यूब प्लंबिंगच्या दुकानातली, मोटर भंगारातली, कॅमेरा सेकंडहँड आणि सगळं जोडकाम फोंड्याकडच्या एका लेथवाल्याचं, असा टेलिस्कोप मी जमवला आणि पावसाळा संपल्यापासून परत पाऊस येईपर्यंत तो भरपूर वापरला, म्हणून हा रिव्ह्यू. नुसतं बघायला नाही, कॅमेरा लावून फोटो काढायला केलेला आहे, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बघायच्या टेलिस्कोपमध्ये जे चालून जातं ते कॅमेरा लावला की चालत नाही, आणि गोव्यात तर अजून दोन-तीन भानगडी आहेत ज्या इंटरनेटवरच्या कुठल्याच व्हिडिओत कोण सांगत नाही कारण ते लोक ४०-५० अक्षांशावर बसलेत.

आधी आरसा, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. आरसा आणि छोटा तिरका आरसा असा सेट एका मोडलेल्या टेलिस्कोपमधून मिळाला. गोलाकार (चेंडूच्या गोलाईचा) घासलेला आहे, पॅराबोलिक नाही, आणि हे ऐकून बरेच जण नाक मुरडतात, पण ११४ ला ९०० म्हणजे जवळजवळ एफ/८ (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास) झालं, एवढ्या लांब फोकसला गोलाकार आणि पॅराबोलिक यातला फरक इतका कमी असतो की ताऱ्याच्या ठिपक्यात तो दिसत नाही. हाच आरसा एफ/५ चा असता तर मी घेतलाच नसता. तेव्हा जुना सेट मिळत असेल तर आधी फोकल लेंथ बघा, मग कोटिंग बघा, कडेला बारीक ठिपके असले तरी चालतात, मधे धुरकट झालं असेल तर सोडून द्या. आरशाला पैकीच्या पैकी.

ट्यूबला मात्र मी पाचपैकी तीनच देईन. १६० मिमीचा पीव्हीसी पाइप, आतून फळ्याला लावतात तो मॅट काळा रंग. स्वस्त आहे, गंजत नाही, आणि खाऱ्या हवेत न गंजणं ही मोठी गोष्ट आहे. पण पीव्हीसी गरमीने वाढतं आणि थंडीने आकसतं, संध्याकाळी लावलेला फोकस दहा वाजेपर्यंत सरकतो. एफ/८ ला फोकस एका मिलिमीटरच्या दहाव्या भागानेसुद्धा हललेला फोटोत कळतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने परत फोकस बघावाच लागतो. त्यासाठी पुठ्ठ्याचा बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे ट्यूबच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी, कापून ठेवलाय, पावेल बाख्तिनोव्ह नावाच्या रशियन हौशी माणसाची आयडिया, ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात आणि मधली रेघ बरोबर मधे आली की फोकस झाला. फुकट आहे आणि याच्याइतकी उपयोगी वस्तू अख्ख्या सेटमध्ये दुसरी नाही.

आता जरा सविस्तर सांगतो ती गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस. न्यूटोनियनला, म्हणजे अशा दोन आरशांच्या टेलिस्कोपला, डीएसएलआर लावला की बऱ्याच लोकांचा फोकसच येत नाही, फोकसर (कॅमेरा आत-बाहेर सरकवायची नळी) पूर्ण आत घातला तरी चित्र धूसर. कारण असं की कॅननच्या बॉडीत सेन्सर लेन्सच्या माउंटपासून ४४ मिमी आत बसलेला असतो, त्यावर टी-रिंग (कॅमेरा टेलिस्कोपला जोडायची कडी) लावली की धरून ५५ मिमी होतात, आणि त्याच्याखाली फोकसरची उंची वेगळी. आरसा जिथे चित्र आणून सोडतो तिथपर्यंत सेन्सर पोचतच नाही. सगळे सांगतात की मोठा आरसा ट्यूबमध्ये पुढे सरकवा. सरकवता येतो, पण मग प्रकाशाचा शंकू छोट्या आरशावर जास्त रुंद पडतो आणि छोटा आरसा कमी पडायला लागतो, फोटोचे कोपरे काळे.

मी टी-रिंग काढूनच टाकली. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सला एम-४२ आटे असायचे, त्याचा हेलिकॉइड मिळतो, फिरवला की १७ मिमीपासून ३१ मिमीपर्यंत लांब होतो, आणि एम-४२ वरून कॅननवर यायची रिंग जेमतेम दीड मिमी जाड असते. म्हणजे टी-रिंगपेक्षा ९-१० मिमी तिथेच वाचले, आणि वर हेलिकॉइड हाच फोकसर झाल्यामुळे वेगळा फोकसर लागतच नाही. सगळं मिळून सेन्सर ट्यूबच्या बाहेर ६२-६३ मिमीवर आला. मोठा आरसा थोडासाच सरकवावा लागला, छोटा आरसा २५ मिमीचाच ठेवला, आणि सव्वा इंची फोकसरमधून बघताना जे कोपरे कापले जायचे ते पण थांबलं कारण आता भोक ४२ मिमीचं आहे. प्लास्टिकचा फोकसर अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्याने वाकायचा, तेही संपलं. हा हेलिकॉइड म्हणजे अख्ख्या टेलिस्कोपमधला सगळ्यात वसूल पार्ट. एकच सांगतो, टी-रिंगचे आटे ४२ बाय ०.७५ आणि एम-४२ चे ४२ बाय १, व्यास सारखा दिसतो म्हणून जबरदस्तीने फिरवू नका, दोन्ही आटे जातील.

हेलिकॉइड गोल पाइपवर बसवायला खालून पाइपच्या गोलाईचा सॅडल लागतो आणि तो लेथवाल्याने करून दिला. दुकानाला धड पाटी पण नाही. माणूस मुख्य करून खाणीवरच्या ट्रकांची आणि बार्जची कामं करतो, बुश, शाफ्ट, पिना असलं. मी ड्रॉइंग पुढे ठेवलं तर आधी म्हणाला "हें कितें, पायपाक कॅमेरो?", मग पाच मिनिटं काहीच न बोलता कागद बघितला आणि विचारलं की कॅमेरा लावल्यावर वजन कुठल्या बाजूला येणार. हा प्रश्न मला आतापर्यंत एकाही टेलिस्कोप विकणाऱ्याने विचारला नाही. ॲल्युमिनियमचा सॅडल, आत ४२ बाय १ चे आटे, आरशाचा सेल (बैठक) तीन स्प्रिंग बोल्टवर, आणि सगळं असं बसलं की कॅमेरा लावून ट्यूब उलटीसुलटी केली तरी लेझर कोलिमेटरचा (आरसे सरळ रेषेत आहेत का बघायचं यंत्र) ठिपका हलत नाही. काम तासावर घेतो, घासाघीस करू नका, त्याचा रेट मुळातच वाजवी आहे. एक त्रास आहे तो सांगायला पाहिजे, तारीख देतो ती पाळत नाही, ट्रक अडकला असेल तर तुमचं काम बाजूला, आणि फोन उचलत नाही. तरी पाचपैकी पाच.

माउंट, म्हणजे टेलिस्कोप धरून फिरवणारा स्टँड. इथे गोवा आडवा येतो. इक्वेटोरियल (पृथ्वीच्या उलट फिरून तारे धरून ठेवणाऱ्या) माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, आणि ध्रुव क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे पणजीत साडेपंधरा अंश, काणकोणात पंधरा. माझं जुनं माउंट २० च्या खाली नीट लॉकच होत नव्हतं. शिवाय अक्ष एवढा आडवा झाला की पूर्वेला खाली असलेला तारा धरताना तोलाच्या वजनाचा दांडा खाली येतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतो. यावर उपाय दोन केले. १० अंशाची लोखंडी वेज (पाचर) करून घेतली, माउंटची स्केल २५ वर ठेवायची आणि वेज तिला १५ वर आणते, आणि वेजच्या खाली चार इंची जीआय पाइपचा तुकडा, म्हणजे वजन पायाच्या वरूनच फिरतं. दोन्ही परत त्याच लेथवाल्याकडून, वेजला प्रायमर आणि मरीन पेंट त्याने स्वतःहून मारून दिला.

ध्रुवतारा पंधरा अंशावर म्हणजे आपल्याकडे माडाच्या मागे नाहीतर समुद्राच्या दमट धुक्यात, बऱ्याचदा दिसतच नाही. तेव्हा पोलर स्कोपवर (ध्रुवतारा धरून अक्ष लावायची छोटी दुर्बीण) पैसे घालवू नका, ड्रिफ्ट अलाइनमेंट शिका. डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा, आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा धरायचा, तो उत्तर-दक्षिण सरकतो का बघायचं, सरकला तर माउंट डावी-उजवीकडे चुकलंय, मग पूर्वेकडे खालचा तारा धरून उंची दुरुस्त करायची. वेळ जातो पण ध्रुवतारा न दिसता होतं.

मोटर भंगारातली. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये चांगले स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटर) असतात, इंकजेट फोडण्यात फारसा अर्थ नाही, त्यात बहुतेक साध्या डीसी मोटर निघतात. मी शेवटी बंद पडलेल्या थ्रीडी प्रिंटरची नेमा-१७ मोटर आणि तिचाच जीटी-२ बेल्ट वापरला, २० दातांची पुली मोटरवर, ६० ची वर्मवर (माउंटचा गियर फिरवणारा स्क्रू). माझ्या माउंटच्या गियरला १४४ दात आहेत, पृथ्वी ताऱ्यांच्या हिशोबाने एक फेरा २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदात मारते, म्हणजे वर्मचा एक फेरा ५९८ सेकंदांत. मोटरच्या २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप, गुणिले तीन, असं केलं की सेकंदाला साधारण १६ मायक्रोस्टेप पडतात आणि एकेक ०.९४ आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १.२ आर्कसेकंद बघतो, म्हणजे स्टेप पिक्सेलच्या आत राहते. कंट्रोलरला ऑनस्टेप, ओपन सोर्स आहे, फुकट आणि भक्कम. मोटर नसेल तर ९०० मिमीवर तारा एका सेकंदात बारा पिक्सेल पळतो, तेव्हा याला पर्याय नाही. ३० सेकंदांचे फोटो बहुतेक चांगले येतात, वर्मच्या दर दहा मिनिटांच्या फेऱ्यात काही फोटोंत तारे लांबट होतात, ते फोटो काढून टाकतो.

कॅमेरा कॅनन ११००डी, २०११ चं मॉडेल, १२ मेगापिक्सेल. जुना असला तरी पिक्सेल ५.२ मायक्रॉनचे आहेत, या फोकल लेंथला अगदी बरोबर. त्रास एकच, आपली गरम रात्र. सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की डार्क करंट (अंधारातही सेन्सरमध्ये उमटणारा खोटा सिग्नल) दुप्पट होतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचे फोटो आणि एप्रिलचे फोटो यात नॉइजचा फरक उघड दिसतो. झाकण लावून तेवढ्याच वेळाचे डार्क फ्रेम त्याच रात्री काढायलाच पाहिजेत, मागच्या महिन्याचे चालत नाहीत. स्टॅकिंगला, म्हणजे अनेक फोटो एकावर एक जुळवायला, सिरिल हे सॉफ्टवेअर वापरतो.

दवासाठी छोट्या आरशाच्या मागे रेझिस्टरची माळ, १२ व्होल्टवर, जुन्या यूपीएसच्या बॅटरीवर चालते. थंडीत चोर्ला घाटात गेलात तर हे नसेल तर दोन तासांत फोटो संपले. आणि घरी आल्यावर आरसे सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात, नाहीतर बुरशी.

फोटो काय येतात? फ्रेम १.४ अंश रुंद आहे, चंद्र आरामात मावतो, मृगातला तेजोमेघ तर भरून येतो, देवयानी दीर्घिका मावत नाही, तिच्यासाठी साधी १३५ मिमी लेन्स बरी. पण मला सगळ्यात आवडला तो नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. युरोपातल्या बहुतेक लोकांच्या क्षितिजावर तो येतच नाही, आपल्याकडे २७ अंश वर चढतो. एप्रिल-मे महिन्यात काणकोणच्या बाजूला दक्षिण मोकळी असलेली जागा बघा. तीस सेकंदांच्या एका फोटोतसुद्धा इतके तारे उमटतात की पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा मी बराच वेळ पुढचा फोटो काढलाच नाही. कळंगुट-बागाच्या बाजूने हे करायला जाऊ नका, आकाश दुधी आहे.

खर्च कॅमेरा धरून पंचवीस हजारांच्या आसपास गेला, त्यातला अर्ध्याच्या जवळ कॅमेरा, बाकीचं मुख्य लेथकामात आणि माउंटमध्ये. हात राखायचा असेल तर ट्यूबवर राखा, माउंटवर नको. ज्यांनी अजून टेलिस्कोपमधून काही बघितलंच नाही त्यांनी आधी पणजीतल्या असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीच्या माणसांकडे जाऊन बघावं, ती मनापासून दाखवतात.

लेथवाल्याकडे जायचं असेल तर ड्रॉइंग मिमीमध्ये न्या आणि आरसा स्वतः कॅलिपरने मोजा, ११४ म्हणून विकलेला बरोबर ११४ असेलच असं नाही. हेलिकॉइड आणि पाइपचा तुकडा बरोबर घेऊन जा, त्याला वस्तू हातात लागते. आणि जून-जुलैमध्ये जा, खाणी बंद असतात, ट्रक उभे असतात, त्याला वेळ असतो, आणि तेव्हा आकाश तसंही मिळत नाही.