ओसाकात ताकोयाकी खायची का कुशिकात्सु?
एकच संध्याकाळ हातात असेल तर माझं मत ताकोयाकीला, दोतोनबोरी भागात कालव्याच्या आसपास स्टॉलवर मिळते, आपल्या अप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या तव्यात पातळ पीठ ओतून ऑक्टोपसचा तुकडा टाकतात आणि टोच्याने भराभरा गोल फिरवतात, बघतच राहावं असं काम आहे ते. ही ओसाकाचीच, १९३५ पासूनची. आतून भयंकर गरम असते हां, फोडून वाफ जाऊ द्या.

कुशिकात्सु म्हणजे काडीला लावून तळलेलं मांस, मासे, भाज्या, त्यासाठी ओसाकातल्याच शिन्सेकाई भागात जायचं. निवांत बसून खाता येतं. सॉसचं भांडं सगळ्यांत एकच असेल तर काडी एकदाच बुडवायची, उष्टी परत नाही, हे आपल्याला लगेच पटतं. कमळकाकडी, कांदा मिळतो पण तळतात मांसाच्याच तेलात, म्हणजे ज्यात मांस तळतात त्यातच, कडक शाकाहारी असाल तर दोन्ही नकोच.